थोरला डबा, धाकटा डबा

आमच्या वाडीला खाडीवरच्या जेटीपासून दोनशे दहा पायऱ्या आहेत. या मी उतरताना मोजलेल्या. चढताना मोजल्या तर चारशेच्या वर भरतात, आणि डोक्यावर ओझं असलं तर मोजणारा मध्येच आकडा विसरतो, म्हणून तिसरा हिशेब पक्का सांगता येत नाही. आरे-वारे मागे टाकून खाडीच्या अंगाला वळलात की ही पायऱ्यांची वाट, आमची पाखाडी, दिसते. घरं उभ्या चढाला अशी चिकटलीत की वरच्या घरातल्या कोंबडीचा पाय घसरला तर ती खालच्या घरातल्या टोपात पडते. माझ्याकडे दोनदा पडली. परत मागायला कोणी आलं नाही, कारण मी कोणाला बोललोच नाही.

वाऱ्याचं विचारू नका. गेल्या साली जूनमध्ये असा सुटला की यमुनाबाईच्या कोंबड्यानं मंगळवारी दिलेली बांग आम्हाला गुरुवारी ऐकू आली. त्याच वाऱ्यात आंब्याचा फांदा विजेच्या तारांवर पडला आणि साडेतीन दिवस वाडीत लाईट नव्हती. साडेतीन दिवस मात्र मी वाढवून सांगत नाही. हवं तर केरूला विचारा.

केरू माझ्या वरच्या घरातला. पस्तीस वर्षं खाणीवर चिरा काढला. वयानं माझ्याहून दहानं लहान, पण छाती माझ्या आजाची. खाणीतली तांबडी धूळ आत बसली ती बसलीच. दोन वर्षं झाली, त्याच्या नाकात नळी आहे आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ट्रंकेएवढं यंत्र. ते हवेतून ऑक्सिजन गाळतं. विजेवर चालतं आणि दिवसरात्र घुर्रर्र करतं, म्हणून वाडीत त्याला 'घोरणारा' म्हणतात. घोरणारा घोरतोय तोवर केरू भिंतीला टेकून जेवतो, बोलतो, मला शिव्या देतो. तो थांबला की पाव तासात केरूची नखं जांभळी होतात.

गेल्या साली तो थांबला. ऑक्सिजनचा एक लहान बाटला घरात होता, दोन तासांचा, तोही संपला. मग प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले, केरूला लुंगीनं खुर्चीशी आवळलं आणि चौघांनी खाली गाडीपर्यंत नेलं. वाटेत खाणीवर चिरे वाहणाऱ्या, त्याच्याच जुन्या टोळीतल्या बाया वर येत होत्या. त्या कडेला झाल्या, पदर सावरला, आणि एकीनं हात जोडले. जिवंत माणसाला बघून जोडलेले ते हात केरूला फार लागले. इस्पितळातून अकरा दिवसांनी परत आला तेव्हा उंबऱ्यावर बसून बायकोला म्हणाला, "हौशे, परत मना खुर्चीत बांधायचा नाय. काय व्हायचां त्या घरात होव दे."

त्यामुळे यंदा मे सरत आला तसं त्या घराचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वारा जरा फिरला की हौसा अंगणात येऊन आंब्याकडे बघायची. सून सानिका रात्रीतून तीनदा उठून पंखा फिरतोय का बघायची. तिचा नवरा निलेश मुंबईला गोदामात कामाला. तो फोनवरून डबे वाचून दाखवायचा. विजेचे डबे. घरात लाईट असताना भरून ठेवायचे, गेली की त्यातून यंत्र चालवायचं. कोणता किती भरतो, किती तास देतो, किती वर्षं टिकतो. सानिका ऐकून ऐकून इतकी तयार झाली की डॉक्टर तिला वॅट विचारू लागले.

शेवटी दोन डबे घरात आले. एक निलेशनं मुंबईहून पाठवला, लहान, एका माणसाला उचलता येईल असा. दुसरा गफूरभाईनं रत्नागिरीच्या ओळखीच्या दुकानातून आणला. गफूरभाईचा जेटीवर बर्फाचा कारखाना आहे, त्याचे दोन कामगार तो डबा बांबूला टांगून वर घेऊन आले. टेकल्यावर दोघंही पडवीत आडवे झाले.

"आठ दिवस वापरा," गफूरभाई म्हणाला. "दोन्ही परत जातात. शुक्रवारी मी येतो. नको असेल तो द्या, हवा असेल तो ठेवा."

केरूनं दोन्ही डबे आपल्यापुढे ठेवायला लावले. खाणीवर चिरा घेताना बोटाच्या पेरानं वाजवून घेतात, ओला असला तर बद् बोलतो, पिकलेला असला तर टण् बोलतो. केरूनं डबे वाजवले. प्लास्टिक काय बोलणार?

"काशीरामदा, उचल बगू," मला म्हणाला.

मी धाकटा उचलला. मग थोरला उचलला. म्हणजे एक कोपरा उचलला.

"ह्योच ठेवायचा," केरू म्हणाला. "हलक्या वस्तूत काय नसता."

"बाबा, वजनावर नसतं ते," सानिका म्हणाली.

"मग कशावर असता?"

"आतल्या मालावर. पण तुमचं बरोबर आहे, मोठ्यात दुप्पट आहे. लहान अडीच तास जाईल, मोठा पाच तास."

"मग मी तेच बोललो ना. तू वाकडां बोलून तिथंच आलीस."

गफूरभाई हसला. "केरूभाव, लाईटवाल्यांनी तुमाला ठेवला पायजे. पेटी वाजवून बिल काढाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सानिकानं मेनस्विच खाली पाडला आणि धाकट्यावर घोरणारा लावला. चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर वेळ लिहिली. केरू नळी धरून डब्यावरच्या आकड्यांकडे बघत बसला. शंभर. चौऱ्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. आकडा उतरला की त्याचा श्वास उगाच चढायचा.

"त्याच्याकडे बघू नका," सानिका म्हणाली.

"मग काय काशीरामच्या तोंडाकडे बगू?"

मी त्याला रमवायला राजापूरच्या बाजारात एका काजूवाल्याला मी कसा सतरा वर्षं एकच काजू विकला ती गोष्ट सांगितली. ती संपेपर्यंत डबा एक्केचाळीसवर आला. दोन तास वीस मिनिटांनी पिंक् वाजून बंद पडला. सानिकानं स्विच वर केला. केरूच्या कपाळावर घाम होता.

थोरल्याची पारख दुपारी. ही बातमी वाडीभर गेलीच होती. आमच्याकडे ज्या घरात लाईट असेल त्या घरात चार्जर घेऊन जायला विचारायची रीत नाही, आणि गेलेल्याला नाही म्हणायची तर त्याहून नाही. सगळ्यांच्या घरात लाईट असताना माणसं केरूकडे डब्यावर फोन लावायला आली, कारण डब्यावरचा फोन लवकर भरतो असं कोणीतरी सांगितलं होतं. कोणी सांगितलं ते सोडा. अकरा फोन लागले. मग यमुनाबाई मिक्सर घेऊन आली. पावसाळ्याचा मसाला वाटायचा होता.

"तुज्या घरात लाईट नाय काय?" हौसानं विचारलं.

"हाय. पन म्हटलां बगू तरी ह्याची ताकद."

मिक्सर फिरला. मिरचीची पूड उडाली, केरू खोकू लागला, आणि खोकला थांबेचना. सानिकानं मिक्सरची वायर ओढली. यमुनाबाई भांडं कमरेवर घेऊन उभी राहिली. "बरां बाय," म्हणाली, "मोठ्या लोकांच्या मोठ्या वस्तू." आणि गेली. थोरला साडेतीन तासांत संपला. भिंतीवर काय लिहायचं ते सानिकाला कळेना.

पण केरू खूश. "अकरा फोन आनि एक मिक्सर," आल्यागेल्याला सांगत राहिला. त्याच्यामुळे दुसऱ्याला काही मिळालं असं दोन वर्षांत पहिल्यांदा झालं होतं.

ठरल्यासारखंच झालं. थोरला ठेवायचा. कामगारांची सुट्टी लागली, मासेमारीची बंदी आली म्हणून गफूरभाईनं दोघांना गावी पाठवलं. धाकटा परत जाईपर्यंत घरात पडून होता.

आता हौसाचं ऐका. मे महिन्यात आमच्याकडे बायका आगोट करतात. चार महिन्यांचं सुकट, बोंबील, चिंच, मीठ, कांदे, सगळं भरून ठेवायचं. जे ओलं व्हायला नको ते चुलीवरच्या माळ्यावर जातं, धुरानं ऊब राहते, बुरशी धरत नाही. धाकटा डबा पूर्ण भरलेला होता. भरलेली वस्तू जमिनीवर, ओलीत कशी ठेवायची? हौसानं तो गोणपाटात गुंडाळला आणि माळ्यावर बोंबलांच्या शेजारी ठेवलान. कोणाला बोलली नाही. मीठ कुठं ठेवलं हे बाई कोणाला बोलते?

गुरुवारी सकाळी हौसानं भात उकडायला घेतला. पावसाळ्याचा उकडा तांदूळ तो. मोठा टोप, तीन ओंडके, चूल अशी पेटलेली की स्वयंपाकघरात जाऊन आलो तर माझी भुवई एका बाजूनं कुरळी झाली. दहाच्या सुमाराला खाडीवर काळोख आला. वारा वरच्या सड्याच्या पठारावरून आला आणि थेट पाखाडीनं खाली धावला. माझ्या पडवीचा पत्रा उठला, दोनदा आपटला आणि गेला. तो दाभोळला सापडला असं मी सांगतो, पण खरं तर गफूरभाईच्या कारखान्यामागं. मग खालच्या अंगाला मोठा आवाज झाला आणि पंखे थांबले.

सानिकानं थोरल्यावर घोरणारा लावला. आकडा शंभर. केरू म्हणाला, "बगलीस? वजनदार वस्तू."

अर्ध्या तासानं यमुनाबाई चार्जर घेऊन दारात आली. हौसा तिच्याकडे बघत राहिली, तिच्या तोंडातून नाही निघेना. सानिका पुढे झाली. "काकी, आज नाही. आज हा फक्त बाबांचा."

यमुनाबाईनं चार्जरची वायर हातावर गुंडाळली. "मी कुठं काय मागितलां," म्हणाली आणि ओल्या पायऱ्या हळूहळू उतरत गेली. केरू भिंतीकडे तोंड करून बसला.

एक वाजता खालून निरोप आला. रोहित्रावर झाड पडलंय, तारा तुटल्यात, आज काही खरं नाही. दोन वाजता थोरला सतरावर होता.

"धाकटा काढ," केरू म्हणाला.

"कुठाय तो?" सानिकानं विचारलं.

हौसानं शिडी लावली. गोणपाट सोडलं तर डबा असा तापलेला की तिनं पदरानं धरून खाली दिला. सानिकानं बटण दाबलं. पडद्यावर तापमापकाचं चिन्ह आलं आणि तो विझला. परत दाबलं, परत तेच.

"काय बोलतो तो?" हौसानं विचारलं.

"तापलाय. थंड होईपर्यंत चालणार नाही."

"ओला होव नये म्हणून ठेवलां गो मी."

  हौसा उकड्याच्या टोपाकडे बघत उभी राहिली. मग तिनं सूप घेतलान आणि डब्याजवळ बसून वारा घालू लागली. सानिकानं डबा ओल्या मडक्यांच्या जागेवर, थंड चिऱ्यावर नेला. मी पुठ्ठा घेतला. आम्ही तिघं त्या डब्याला वारा घालत होतो आणि केरू आतून आकडे सांगत होता.

"बारा."

हौसाचं सूप थांबत नव्हतं. तिच्या दंडाचं कातडं लोंबायचं आणि हलायचं.

"नऊ."

सानिकानं बटण दाबलं. तापमापक.

"पाच."

"बोलू नका बाबा, श्वास जातो."

"मग तू बोल पाच."

तीनवर धाकटा चालू झाला. सानिकानं वायर बदलली. मधले दहा-बारा क्षण घोरणारा गप्प झाला तेव्हा घरातलं सगळं गप्प झालं, चुलीतला ओंडकासुद्धा.

आता थोरला रिकामा. भरायचा कुठं? गफूरभाईच्या कारखान्यात डिझेलचा जनरेटर. गफूरभाई काळजीनं वर आलाच होता, गुडघे धरून. तो एकाहत्तरचा, मी अठ्ठ्याहत्तरचा. वाडीतले उचलणारे सगळे मुंबईला. आम्ही बांबू काढला, डबा टांगला आणि निघालो. मी तरुणपणी एकट्यानं होडी खांद्यावर घेऊन खाडी ओलांडलेली आहे, पण त्या दिवशी पायऱ्या ओल्या होत्या. विसाव्या पायरीवर गफूरभाईचा गुडघा कडकन बोलला. तो तिथंच बसला.

"काशीरामशेट, मी उठेन. पेटी उठणार नाय."

मी एकट्यानं ओढायला गेलो तर कमरेतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे आख्खी खाडी पिवळी दिसली. शेवटी यमुनाबाईनं हाक मारली. तिघांनी मिळून डबा तिच्या पडवीत सरकवला. तिनं वर प्लास्टिक टाकलं. "अकरा फोन आनि एक मिक्सर," एवढंच म्हणाली.

वर जाऊन सांगितलं. सानिकानं धाकट्याचा आकडा बघितला. अडतीस.

"मोठा म्हणजे पाण्याची टाकी आहे," ती म्हणाली. "घरात नळ असेल तर टाकी. नळच गेला तर?"

"कळशी," हौसा म्हणाली. सुपाशेजारून, मान वर न करता. "आनि कळशी दोन लागतात गो. एक घरात, एक वाटेवर."

घरात दुसरी नव्हती. होता तो बाटला, यंदा परत भरून ठेवलेला, दोन तासांचा. सानिकानं केरूची नळी बाटल्याला जोडली, काटा बघितला, घोरणारा बंद केला. डबा खताच्या पिशवीत घातलान, तोंड सुतळीनं बांधलान. केरू तिच्याकडे बघत होता.

"हातात नेव नको. डोक्यावर घे," तो म्हणाला. "चुंबळ जाड कर. माथ्याच्या मधी ठेव, म्होरं नाय. नजर पायाकडे नाय, तिसऱ्या पायरीवर. आनि वाटेत थांबू नको. थांबलीस का ओझां जड होता."

एवढं बोलून तो खोकत बसला. पस्तीस वर्षांत त्यानं हे किती बायांना शिकवलं असेल. शिकवताना आवाज असा कधी झाला नसेल.

ती गेली. कारखान्याची किल्ली वाटेत गफूरभाईकडून घ्यायची होती. चार पंचवीस. मी दारात उभा राहिलो, हौसा बाटल्यापाशी. काटा एवढा हळू उतरतो की बघत राहिलं तर हलत नाही आणि नजर वळवली की घसरतो. पाच वाजले. सव्वापाच. पाऊस भुरभुरत होता. केरू मला म्हणाला, "सांग काय तरी."

मी सुरुवात केली. आमचा आजा एकदा मगरीवर बसून दाभोळला गेला. कुठल्या मगरीवर, ते मला सुचेना. केरू वाट बघत राहिला.

"लबाडपन पन सुकलां काय तुजां?"

पावणेसहाला काटा लाल पट्ट्यात आला. सहाला केरूनं बोलणं सोडलं, खांदे वर जाऊ लागले. हौसानं त्याची बोटं हातात घेतली आणि नखं अंगठ्यानं घासू लागली, जशी काय ती मळली होती.

सहा दहाला पाखाडीवर पिशवी दिसली. पिशवीखाली सानिका. मान ताठ, कपडे अंगाला चिकटलेले, तोंड उघडं. ती थांबली नाही. माझ्या अंगणातून, हौसाच्या अंगणातून, तशीच उंबऱ्याच्या आत. हौसानं ओझं उतरवलं. घोरणारा लागला. सानिका खाली बसली आणि तिच्या पोटऱ्या आपोआप उडत राहिल्या, हातानं दाबल्या तरी.

केरूला परत रंग यायला अर्धा तास लागला. लाईट आली सव्वाआठला. डब्यात दहा टक्के उरले होते.

शुक्रवारी गफूरभाई काठी टेकत आला. "मग केरूभाव, कुठली पेटी नेऊ?"

"थोरला ने," केरू म्हणाला. त्याला ते म्हणायला जड गेलं.

सानिकानं निलेशला फोन लावला आणि मोठा आवाज ठेवला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. मागं गोदामातला गलका होता.

"मस्त," निलेश म्हणाला. "मोठा परत, त्याच्या जागी अजून एक लहान मागवतो. दोन लहान. प्रश्न सुटला."

"डब्यांचा सुटला," सानिका म्हणाली. "ते भरून वर कोण आणणार? लाईट साडेतीन दिवस गेली तर दिवसाच्या दहा फेऱ्या होतात. मी काल एक केली. आज मला उकिडवं बसता येत नाही."

"अगं, वाडीत कोणीतरी..."

"कोण? काशीरामकाका?"

मी कमरेला शेकाची पिशवी धरून बसलो होतो. 

"सानिका, आता सुट्टी मागितली तर हा माणूस मला कायमची देईल," निलेश म्हणाला.

केरूनं हात पुढे केला. सानिकानं फोन त्याच्याकडे दिला. बापानं मुलाकडे कधी काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. मुंबईहून साखर आणली तर "कशाला आणलीस" म्हणणारा तो माणूस.

"निल्या," तो म्हणाला. मग श्वास घेतला. "तुज्या बायकोन काल माजा श्वास डोक्यावरनं आणलान. दोनशे दहा पायऱ्या." मग परत श्वास. "डबा कुरियरनं धाडू नको. तू घेवन ये. आनि आलास का नारळी पुनवेपातुर जाव नको."

"बाबा, अहो पण शेठ..."

केरूजवळ वारा संपला होता. त्यानं फोन सानिकाकडे केला, तिनं घेतला नाही. हौसाकडे केला, तिनं हात पदरात घेतले. म्हणून तो माझ्या हातात आला. त्यात निलेश हॅलो हॅलो करत होता. आयुष्यात मला बोलायला शब्द कमी पडले नाहीत, पण त्या वेळी एकच वाक्य सुचलं.

"सगळे ऐकतायत रे, बोल."

 गोदामात कोणीतरी त्याच्या नावानं ओरडत होतं. मग निलेश म्हणाला, "रविवारची गाडी मिळते का बघतो."

"बघतो नको," सानिका लांबूनच म्हणाली. "तिकीट काढा आणि फोटो पाठवा."

फोन ठेवला. हौसानं चहा टाकला. गफूरभाई काठी आडवी करून बसला. वारा आला की सगळ्यांचे डोळे पंख्याकडे जात होते, पंखा फिरत होता.

चहा निम्मा झाला तेव्हा फोन वाजला, तिकिटाचा फोटो आला होता. सानिकानं तो उघडला आणि आधी केरूपुढे धरलान. केरूला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही, आणि चष्मा खिडकीत होता. तरी तो नळी बाजूला सारून फोन जवळ घेऊन बराच वेळ बघत राहिला.